ईमेल प्रेषकाला ब्लॉक करणे

एखाद्या विशिष्ट पत्त्यावरून किंवा डोमेनवरून (पत्त्यातील @ नंतरच्या भागावरून) येणारे ईमेल यापुढे इनबॉक्समध्ये दिसू नयेत, अशी सूचना मेलसेवेला देऊन ठेवणे म्हणजे प्रेषकाला ब्लॉक करणे. शब्द ऐकून पाठवणाऱ्याच्या तोंडावर दार लागत असावे असे वाटते. प्रत्यक्षात बहुतेक सेवा तो मेल नेहमीप्रमाणे स्वीकारतात आणि मग बाजूला टाकतात. जीमेलमध्ये तो स्पॅम फोल्डरमध्ये जातो व ३० दिवसांनी आपोआप पुसला जातो. आउटलुकमध्ये जंक फोल्डरमध्ये पडतो. पाठवणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही.

या सोयीची मर्यादा ईमेलच्या रचनेतच आहे. ईमेल वाहून नेणारा एसएमटीपी हा प्रोटोकॉल (संगणकांनी पाळायचा नियमसंच) जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहून काढला, तेव्हा जाळ्यावर जेमतेम काहीशे संगणक होते आणि ते मुख्यतः विद्यापीठे, संशोधनसंस्था व लष्कराकडे होते. पाकिटावर लिहिलेला प्रेषकाचा पत्ता खरा की खोटा, हे तपासण्याची तरतूद त्यात नव्हती. पाठवणारा लिहील तोच पत्ता वाचणाऱ्याला दिसे. घाऊक स्पॅम पाठवणारे याचाच फायदा घेऊन सतत नवे पत्ते धारण करतात, आणि पुष्कळदा तो पत्ता कुणा तिऱ्हाइताचा, क्वचित मेल घेणाऱ्याचा स्वतःचाच असतो. असे पत्ते एकेक करून ब्लॉक करत बसणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे.

गैरवापर मात्र या प्रोटोकॉलपेक्षाही जुना आहे. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थर्क यांनी आपल्या कंपनीच्या संगणकांची जाहिरात अर्पानेटवरील, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वरूपावरील, सुमारे ४०० जणांना एकाच वेळी पाठवली. पत्ते इतके होते की त्यांच्यासाठीच्या रकान्यात मावेनात, आणि उरलेले मजकुरात सांडले. तक्रारी झाल्या, कानउघाडणीही झाली. ‘स्पॅम’ हे नाव अशा मजकुराला पुढे १९९० च्या दशकात चिकटले. मुळात ते १९३७ पासून विकल्या जाणाऱ्या डबाबंद मांसाचे नाव.

खरेखुरे दार लावण्याचे काम वापरणाऱ्याच्या आधी, सर्व्हरच्या पातळीवर होते. १९९७ मध्ये पॉल व्हिक्सी यांनी स्पॅम पाठवणाऱ्या यंत्रांच्या आयपी पत्त्यांची (जाळ्यावर यंत्र ओळखण्याच्या क्रमांकांची) काळी यादी चालवायला घेतली, तर १९९८ मध्ये स्टीव्ह लिनफर्ड यांनी स्पॅमहाउस ही संस्था स्थापली. अशा यादीतल्या यंत्राचे मेल सर्व्हर दारातूनच परत धाडू शकतो. मजकुरावरून स्पॅम ओळखण्याच्या पद्धतीला पॉल ग्रॅहम यांच्या २००२ मधील लेखाने मोठी चालना दिली : स्पॅममध्ये आणि चांगल्या मेलमध्ये प्रत्येक शब्द किती वेळा येतो ते मोजायचे आणि बेझच्या सिद्धांताने शक्यता काढायची. पुढे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन तपासण्या आल्या. डोमेनच्या नावाने मेल पाठवणारा त्या डोमेनचाच अधिकृत प्रेषक आहे का, हे त्यांवरून कळते. या पडताळणीमुळे ब्लॉक करण्यालाही थोडा अर्थ आला.

तरीही ब्लॉक, ‘स्पॅम म्हणून कळवा’ आणि अनसबस्क्राइब (यादीतून नाव काढणे) ही तीन बटणे सर्रास एकाच अर्थाने दाबली जातात. ब्लॉक केल्याने त्या प्रेषकापुरता आपल्या खात्यात बदल होतो. स्पॅम म्हणून कळवले, की सेवेच्या फिल्टरला धडा मिळतो आणि इतरांच्या इनबॉक्सवरही त्याचा परिणाम होऊ शकतो. म्हणून आपणच कधीतरी मागवलेल्या वार्तापत्राला स्पॅम ठरवणे तसे अन्यायाचेच. त्याच्यासाठी अनसबस्क्राइब आहे. अनोळखी भामट्याच्या मेलमधली तीच लिंक दाबणे मात्र घातक : पत्ता वापरात आहे, याची आयती पावती त्याला मिळते.

यादीतून नाव काढण्याची सूचना मेलच्या शीर्षभागात, म्हणजे मजकुराआधीच्या तांत्रिक नोंदींत, देण्याची पद्धत १९९८ मध्ये ठरली. पण त्या लिंका सुरक्षा तपासणारे प्रोग्रॅम स्वतःच उघडून पाहत आणि माणसाने काही न करता त्याचे नाव कटे. त्यावर उपाय म्हणून २०१७ मध्ये एका क्लिकवर नाव काढण्याचे वेगळे मानक आले. २०२४ मध्ये गूगल आणि याहू यांनी घाऊक प्रेषकांच्या जाहिरातपर मेलना ते सक्तीचे केले. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० किंवा अधिक मेल पाठवणारे गूगलच्या हिशेबी घाऊक. त्यांनी विनंती दोन दिवसांत पाळायची आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवायच्या.

संपूर्ण डोमेन ब्लॉक करताना जपावे लागते. जाहिराती आणि पावत्या एकाच डोमेनवरून येत असतील तर सुक्याबरोबर ओलेही जळते. तेथे फिल्टर बरा : विषयात अमुक शब्द असेल तर मेल अमुक फोल्डरमध्ये, बाकीचे इनबॉक्समध्ये. सर्व्हरवर असे नियम लिहिण्यासाठी सीव्ह नावाची छोटी भाषा २००१ पासून प्रमाणित आहे.

याहून पक्का मार्ग म्हणजे प्रेषक सोडून आपलाच पत्ता बंद करणे. जीमेलसारख्या सेवांत नावापुढे अधिकचे चिन्ह व एखादा शब्द जोडला तरी मेल त्याच खात्यात येतो, म्हणून प्रत्येक संकेतस्थळाला वेगळा शब्द देता येतो आणि पत्ता कोणी फोडला ते कळते. अर्थात ते चिन्ह काही अर्ज स्वीकारत नाहीत, आणि चलाख प्रेषक ते खोडूनही टाकतो. पूर्णपणे वेगळे उपनाम (मेल खऱ्या पत्त्याकडे वळवणारा पर्यायी पत्ता) देणाऱ्या सेवांमध्ये ही पळवाट नाही; ॲपलने २०२१ मध्ये आयक्लाउडच्या सशुल्क ग्राहकांना तशी सोय दिली. उपनाम मोडले की त्यामागची सगळी रांग एकदम बंद.

मेलचा पसारा आवरण्याची ‘इनबॉक्स झीरो’ ही लेखक मर्लिन मान यांची कल्पना अनेकांनी न वाचलेल्या मेलचा आकडा शून्यावर आणण्याची शर्यत समजून घेतली. मान यांचा रोख इनबॉक्समध्ये अडकून पडणाऱ्या लक्षाकडे होता.

धमकीचे किंवा छळाचे मेल हा अपवादाचा प्रसंग. तेथे ब्लॉक करणे अंगलट येऊ शकते, कारण ३० दिवसांनी पुसला जाणारा मेल हाच पुरावा असतो. असे मेल फिल्टरने नजरेआड, वेगळ्या फोल्डरमध्ये वळवून संपूर्ण शीर्षभागासह जपून ठेवतात. मेल कोणकोणत्या सर्व्हरमधून आला त्याच्या नोंदी त्या शीर्षभागातच असतात.