आपोआप फुटला की फोडला?

गेल्या महिन्यात माझी चार वर्षांची भाची स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पायाशी काचेच्या पेल्याचे तुकडे, डोळे मोठे झालेले. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "मामा, मी नाही फोडला. आपोआप फुटला."

तुकडे गोळा करताना मी त्या दोन वाक्यांवरच अडकलो होतो. फोडणे, फुटणे आणि आपोआप, तिन्ही शब्द नेमक्या जागी पडले होते. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

इंग्रजीत 'बाय इटसेल्फ' म्हटलं की बरंच काही एकत्र येतं. मराठीने त्याचे वाटे करून ठेवले आहेत. 'आजोबा एकटे जेवले' म्हणजे सोबत कोणी नव्हतं. 'त्यांनी कपाट एकट्याने सरकवलं' म्हणजे मदतीला कोणी नव्हतं. बघायला दहा माणसं असतील. 'ती आपणहून आली' म्हणजे कोणी बोलावलं नव्हतं. आणि 'पेला आपोआप फुटला' म्हणजे फोडणाराच कोणी नव्हता. पहिल्या तीन वाक्यांत करणारा आहे, चौथ्यात ती जागाच रिकामी आहे. 'आपोआप'मधला 'आप' आला आहे संस्कृत 'आत्मन्'पासून, प्राकृतातल्या 'अप्पा'मार्गे. 'आपण' आणि 'आपला' त्याचेच भाऊबंद.

भाषाशास्त्रज्ञांना हा शब्द कसोटीच्या दगडासारखा वापरता येतो. कुठल्याही क्रियापदाला तो लावून बघा. दार आपोआप उघडलं, दोरी आपोआप तुटली, दिवा आपोआप विझला: सगळं चालतं. आता 'भाजी आपोआप चिरली' म्हणून बघा. वाक्य अडखळतं, कारण 'चिरली' म्हटलं की विळी घेऊन बसलेलं कोणीतरी डोळ्यांसमोर येतंच. 'पेला आपोआप फोडला गेला' हेही जमत नाही. फोडणाऱ्याचं नाव गाळलं, तरी तो क्रियापदात लपून बसलेला असतो.

तो नेमका कुठे लपतो, हा या विषयातला माझा सर्वांत लाडका भाग. या जोड्या मोठ्याने म्हणा: फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, सुटणे-सोडणे, फाटणे-फाडणे. करणारा नसेल तिथे 'ट', करणारा आला की 'ड'. असं का व्हावं? संस्कृतात 'त्रुट्यति' म्हणजे तुटतो आणि 'त्रोटयति' म्हणजे तोडतो. प्राकृतात येताना दोन स्वरांमध्ये एकटा सापडलेला 'ट' मऊ होऊन 'ड' झाला. वट-वड, कटु-कडू, घोटक-घोडा ही त्याचीच उदाहरणं. 'त्रोटयति'मधला ट असाच दोन स्वरांच्या मधे होता, म्हणून 'तोडणे'. 'त्रुट्यति'मधल्या ट ला मात्र शेजारच्या 'य'चा आधार होता. 'ट्य'चा 'ट्ट' झाला, 'तुट्टइ' असं रूप आलं, आणि त्या दुहेरी ट मधला एक मराठीपर्यंत ट म्हणूनच पोचला. 'हट्ट'चा 'हाट' झाला तसाच. जोडीतला उ-ओ हा फरकही संस्कृतातूनच आला आहे. मरणे-मारणे, पडणे-पाडणे, गळणे-गाळणे यांत व्यंजन बदलत नाही, फक्त अ चा आ होतो. तिथेही मूळ तेच, 'पतति' आणि 'पातयति'. थोडक्यात, 'फुटला' की 'फोडला' हे निवडताना माझी भाची दोन हजार वर्षांपूर्वीचा उच्चारभेद वापरत होती.

सगळ्या क्रियापदांच्या जोड्या अशा घडलेल्या नाहीत. गोठणे, वाळणे, बुडणे, विझणे यांना करणारा जोडायचा तर आपण 'व' लावतो: गोठवणे, वाळवणे, बुडवणे, विझवणे. उघडणे, मोडणे यांत तर रूप बदलतच नाही. खुर्ची मोडली आणि त्याने खुर्ची मोडली. जर्मन भाषाशास्त्रज्ञ मार्टिन हास्पेलमाथ यांनी 1993 मध्ये 21 भाषांतल्या अशा 31 जोड्या तपासल्या. गोठणं, वाळणं यांसारख्या, माणसाचा हात न लागता सहज घडणाऱ्या गोष्टींत बऱ्याच भाषा करणाऱ्यासाठी जादा प्रत्यय लावतात. उघडणं, मोडणं यांसारख्या, सहसा कोणीतरी घडवून आणतं अशा गोष्टींत उलटा कल दिसतो. तिथे त्या भाषांना 'आपोआप'चं रूप वेगळं घडवावं लागतं. जग कसं चालतं याचा माणसाचा अंदाज असा प्रत्ययांतून उमटतो.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. 'आपोआप' म्हणजे विनाकारण नव्हे. रात्री दार आपोआप उघडलं म्हणून घरात काहीतरी आहे, असं मानणारी माणसं मी पाहिली आहेत, लिंबू-मिरची बांधणारीही. बिजागरी जराशी कलती असली की दार स्वतःच्या वजनाने सरकतं. टफन्ड, म्हणजे तापवून कणखर केलेल्या, काचेत निकेल सल्फाइडचा सूक्ष्म कण अडकलेला असेल, तर तो हळूहळू फुगतो आणि काच कित्येक वर्षांनी, कोणी हात न लावता फुटू शकते. करणारा नाही, कारण मात्र आहे. 'आपोआप शिकणारं यंत्र' ही जाहिरात वाचतानाही हेच ध्यानात ठेवावं. अशा कितीतरी यंत्रांना शिकवण्यासाठी हजारो चित्रांवर माणसांनी बसून खुणा केलेल्या असतात.

फोडणं आणि आपोआप फुटणं यांच्या मधे मराठीत आणखी एक पायरी आहे: 'माझ्या हातून फुटला.' हात माझा, इरादा नाही. भाचीला मी तेच विचारलं, "तुझ्या हातून फुटला का?" तिने लगेच होकारार्थी मान हलवली.

आपल्या व्याकरणकारांनी ही कसोटी फार पूर्वीच हेरली होती. पाणिनीच्या 'कर्मवत्कर्मणा तुल्यक्रियः' या सूत्रावर काशिकावृत्ती ही जुनी टीका उदाहरण देते: 'भिद्यते काष्ठं स्वयमेव', लाकूड आपोआप फुटतं. तिथला 'स्वयमेव' म्हणजे आपला 'आपोआप'च. भट्टोजी दीक्षित 'सिद्धान्तकौमुदी'त त्याहून पुढे जातात. काम अतिशय सोपं आहे हे दाखवायचं असेल, तेव्हा बोलणारा खऱ्या कर्त्याला बाजूला ठेवतो आणि हत्यारालाच कर्ता करतो, असं ते सांगतात. त्यांचं उदाहरण आहे 'साध्वसिश्छिनत्ति', तलवार छान कापते. नव्या विळीला धार लावून आणली की आई म्हणते, "बघ, आपली आपण चिरतेय!" विळीवर हात अर्थातच आईचा असतो.