आतड्याचे दाहक विकार : विविध लोकसमूहांतील प्रमाण

क्रोन्स डिसीज आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस हे आतड्याचे दोन प्रमुख दीर्घकालीन दाहक विकार असून त्यांना एकत्रितपणे आयबीडी म्हणतात. अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्याच्या आतील अस्तरापुरता राहतो. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो आणि आतड्याच्या भिंतीत खोलवर जातो. आयबीएस नावाच्या, आतड्याला सूज वा व्रण नसलेल्या तक्रारीशी या विकारांची गल्लत केली जाते. प्रमाण मोजताना तर ही गल्लत फार महागात पडते. आयबीडीचे निदान बहुधा पंधरा ते पस्तीस या वयात होते, आजार जन्मभर राहतो, पण त्याने मृत्यू क्वचितच ओढवतो. त्यामुळे दरवर्षी नव्याने आजारी पडणाऱ्यांची संख्या स्थिर राहिली तरी समाजातील एकूण रुग्ण वाढतच जातात. या दोन आकड्यांतला फरक लक्षात ठेवला नाही तर पुढील कोणतीही तुलना फसते.

लंडनचे डॉक्टर सॅम्युअल विल्क्स यांनी 1859 मध्ये अल्सरेटिव्ह कोलायटिसचे वर्णन केले. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपेनहायमर यांचा लहान आतड्याच्या शेवटच्या भागाच्या दाहावरील लेख 1932 मध्ये आला. दुसऱ्या महायुद्धानंतर उत्तर युरोप आणि उत्तर अमेरिकेत रुग्ण झपाट्याने वाढले. आज अमेरिकेत दर लाख लोकांमागे 700 हून अधिक आयबीडी रुग्ण असल्याचा अंदाज आहे. स्कॉटलंडमधील लोदियन भागात 2018 मध्ये हे प्रमाण लोकसंख्येच्या 0.78 टक्के भरले. युरोपातही दक्षिणेपेक्षा उत्तरेत आजार जास्त आढळत आला आहे. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला झालेल्या बहुराष्ट्रीय पाहणीत उत्तरेकडील केंद्रांत क्रोन्सचा दर दक्षिणेच्या तुलनेत सुमारे 80 टक्क्यांनी आणि कोलायटिसचा 40 टक्क्यांनी अधिक होता.

या सर्वांत उत्तर अटलांटिकमधील फेरो बेटांची नोंद विलक्षण आहे. सुमारे पन्नास हजार वस्तीच्या या बेटांवर 1960 ते 1979 या काळात नव्या रुग्णांचा वार्षिक दर लाखामागे 8 होता. 2010 ते 2014 मध्ये तो 75 वर गेला. जगात इतका दर इतरत्र क्वचितच नोंदला गेला आहे. छोट्या, एकमेकांत नाती असलेल्या समाजात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असणार असे सहज वाटते. परंतु डेन्मार्कमध्ये स्थायिक झालेल्या फेरो लोकांचा जास्तीचा धोका एका पिढीत ओसरलेला दिसला. जनुके तीच राहिली, जगण्याची पद्धत बदलली. एखाद्या लोकसमूहाचा दर हा त्याचा कायमचा गुणधर्म नसतो, याचा याहून स्पष्ट पुरावा सापडणे कठीण.

आशियातील वाढ उशिरा सुरू झाली. सोलच्या सोंगपा-कांगदोंग भागात 1986 पासून काटेकोर नोंद ठेवली गेली. तेथे 1986–90 मध्ये कोलायटिसचा वार्षिक दर लाखामागे 0.34 होता, तो 2001–05 पर्यंत 3.08 झाला, क्रोन्सचा 0.05 वरून 1.34 वर गेला. जपानमध्ये कोलायटिसच्या रुग्णांची संख्या दोन लाखांवर पोहोचली आहे. ठिकठिकाणी क्रम बहुतेक एकच दिसतो: आधी कोलायटिस वाढतो, काही वर्षांनी क्रोन्स.

‘हा पाश्चात्त्यांचा आजार’ ही समजूत भारतात दीर्घकाळ टिकली आणि तिने रुग्णांचे मोठे नुकसान केले. खरे तर हरियाणातील 1986 च्या पाहणीतच कोलायटिसचे प्रमाण लाखामागे 42.8 आढळले होते. लुधियानाच्या डॉक्टरांनी पंजाबात घरोघर जाऊन 51,910 लोकांची चौकशी केली, संशयितांची तपासणी केली आणि 23 जणांना कोलायटिस असल्याचे निश्चित केले. म्हणजे लाखामागे 44.3. वर्षभराने पुन्हा तेच गट पाहिल्यावर नव्या रुग्णांचा दर 6.02 निघाला. हे निष्कर्ष 2003 मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे आशिया-पॅसिफिक देशांच्या संयुक्त अभ्यासात हैदराबादचा आयबीडीच्या नव्या रुग्णांचा वार्षिक दर लाखामागे 9 च्या पुढे गेला आणि तो सहभागी आशियाई केंद्रांत सर्वाधिक ठरला. जागतिक रोगभाराच्या गणिती प्रतिमानानुसार 2019 मध्ये भारतात सुमारे 2.7 लाख रुग्ण होते. हा आकडा सावधपणे वाचावा, कारण पंजाबचा जुना दर देशभर लावला तरी एकट्या कोलायटिसचेच रुग्ण सहा लाखांवर जातात.

भारतीय मोजणीतली खरी अडचण क्षयरोगाची आहे. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स या दोन्हींत पोटदुखी, ताप, वजन घटणे आणि लहान आतड्याच्या टोकाशी व्रण दिसतात. दुर्बिणीतून तपासून व तुकडा घेऊनही कित्येकदा फरक कळत नाही. म्हणून क्षयाची औषधे आधी देऊन परिणाम पाहण्याची पद्धत पडली आहे. त्यात क्रोन्सच्या रुग्णाचे महिने जातात, आणि नोंदवहीत तो क्षयरोगी म्हणून राहतो. आव पडते म्हणून वर्षानुवर्षे अमीबाची औषधे घेणारा कोलायटिसचा रुग्णही असाच मोजणीतून सुटतो.

स्थलांतरितांचे आकडे सर्वांत बोलके आहेत. इंग्लंडमधील लेस्टर येथे पूर्व आफ्रिकेतून आलेल्या गुजराती कुटुंबांसह मोठा भारतीय समाज आहे. तेथे 1980 च्या दशकात दक्षिण आशियाई लोकांत कोलायटिसचा वार्षिक दर लाखामागे 10.8, तर मूळच्या युरोपीय लोकांत 5.3 होता. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात स्थलांतरितांचा एकूण दर स्थानिकांपेक्षा पुष्कळ कमी आढळला. मात्र जितक्या लहान वयात माणूस तेथे आला तितका धोका जास्त, आणि दक्षिण आशियाई स्थलांतरितांच्या तेथे जन्मलेल्या मुलांचा धोका इतर मुलांइतकाच. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी मुलांच्या दीर्घ जुलाबाकडे किंवा शौचातील रक्ताकडे ‘आपल्यात हे नसते’ म्हणून दुर्लक्ष करू नये, एवढे या आकड्यांवरून नक्की म्हणता येते.

जनुकांचा वाटा नाकारता येत नाही. अश्केनाझी ज्यूंमध्ये आजार इतर युरोपीय वंशाच्या लोकांच्या कित्येक पट आढळतो. क्रोन्सशी निगडित एनओडी2 या जनुकातील बदल 2001 मध्ये समजले. युरोपीय रुग्णांत ते वारंवार दिसतात, जपानी आणि चिनी रुग्णांत जवळपास नाहीतच. तरीही दोन दशकांत होणारी नऊपट वाढ जनुकांनी समजावता येत नाही. बालपणीची प्रतिजैविके, प्रक्रिया केलेले अन्न, शहरी राहणी आणि आतड्यातील सूक्ष्मजीवांतील बदल यांच्याकडे संशय जातो. धूम्रपानाने क्रोन्सचा धोका वाढतो, कोलायटिसचा मात्र कमी दिसतो.

शहरीपणाचे स्पष्टीकरणही आता पुरेसे वाटत नाही. हैदराबादच्या डॉक्टरांनी एंडोस्कोपीची सोय असलेली गाडी तेलंगणाच्या खेड्यांत नेली, तेव्हा पोटाच्या तक्रारी घेऊन आलेल्या ग्रामीण आणि शहरी रुग्णांत आयबीडीचे प्रमाण जवळजवळ सारखेच निघाले. आफ्रिकेच्या बहुतेक भागांत अशी दुर्बीण अजून पोहोचलेली नाही, आणि जगाच्या नकाशावर तेथे दिसणारे कमी प्रमाण त्या अभावासह वाचावे लागते.