पाक्स (नागरी सहजीवन करार)

फ्रान्समध्ये दोन सज्ञान व्यक्तींना विवाह न करता जोडपे म्हणून कायदेशीर मान्यता देणारा नोंदणीकृत करार. तो १५ नोव्हेंबर १९९९ च्या कायद्याने आला. त्याआधी एड्सच्या साथीत, भाडेकरार ज्याच्या नावावर तो वारला की मागे राहिलेल्या जोडीदाराला घर सोडावे लागे. समलिंगी जोडप्याचे सहजीवन मान्य करायला न्यायालये तयार नव्हती; या अडचणीतूनच कायद्याची मागणी पुढे आली. कायदा मात्र भिन्नलिंगी जोडप्यांनाही खुला ठेवला गेला आणि आज करार करणाऱ्यांत तीच बहुसंख्य आहेत. २०१३ साली समलिंगी विवाह वैध झाल्यावरही पाक्स कायम राहिला.

नोंदणी पूर्वी न्यायालयात होई. १ नोव्हेंबर २०१७ पासून ती नगरपालिकेत विनाशुल्क होते; नोटरीकडे शुल्क भरूनही करता येते. करारनामा, ओळखपत्रे, जन्मदाखल्याचे ताजे उतारे (फ्रान्समध्ये जन्मलेल्यांसाठी तीन महिन्यांच्या आतले), तसेच राहता पत्ता एकच असल्याचे आणि जवळचे नाते नसल्याचे घोषणापत्र लागते. दोघांपैकी कोणीही विवाहित किंवा दुसऱ्या पाक्समध्ये असता कामा नये. नगरपालिका करारनाम्यावर शिक्का मारून तो परत देते, प्रत ठेवत नाही. म्हणून दोघांनी मूळ प्रत जपावी. ती हरवली तर मालमत्तेबाबत काय ठरले होते हे सिद्ध करणे अवघड जाते.

करारात वेगळे काही लिहिले नसेल तर २००७ पासून ज्याची मालमत्ता त्याचीच राहते. संयुक्त मालकी निवडल्यास करारानंतर घेतलेल्या बहुतेक वस्तूंत, पैसे कोणीही भरलेले असोत, निम्मा निम्मा हिस्सा होतो. घरखर्चासाठी झालेल्या देण्याला मात्र दोन्ही पर्यायांत दोघेही जबाबदार असतात. खर्च उघडपणे अवाजवी असेल किंवा एकानेच दुसऱ्याच्या संमतीशिवाय मोठे कर्ज काढले असेल, तर दुसऱ्याची सुटका.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज वारसाहक्काचा. हयात जोडीदाराला २००७ पासून वारसाकर माफ आहे, पण तो आपोआप वारस ठरत नाही. मृत्युपत्र नसेल तर त्याला राहत्या घरात एक वर्ष राहण्याचा हक्क मिळतो, घर मिळत नाही. विवाहितांना मिळणारे जोडीदाराचे निवृत्तिवेतनही त्याला नसते. मृत्युपत्र पाक्ससोबतच करून ठेवावे. मूल झाल्यास पित्याने ते आपले असल्याची स्वतंत्र नोंद करावी लागते, कारण विवाहातले पितृत्वाचे गृहीतक येथे लागू नाही.

करार दोघांच्या संयुक्त निवेदनाने, कोणाच्याही विवाहाने किंवा मृत्यूने संपतो. एकालाच तो मोडायचा असेल तर कोमिसेर द जुस्तिस (कायदेशीर नोटिसा बजावणारा अधिकारी, २०२२ पूर्वीचा बेलीफ) याच्यामार्फत दुसऱ्याला नोटीस बजावावी लागते. न्यायाधीशाची परवानगी लागत नाही.