बैलाचा रवंथ आणि कोयत्याचा दिवस

उसानं भरलेली बैलगाडी कारखान्याच्या गाडीतळावर नंबर लावून उभी असते, तेव्हा बैल कामावर असतो की सुट्टीवर? १९६५ च्या केंद्रीय नियमांनुसार ओढकामाच्या जनावराला दिवसात ९ तासांपेक्षा जास्त आणि सलग ५ तासांपेक्षा जास्त जुंपता येत नाही. तापमान ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी १२ ते ३ या वेळातही नाही. नियम चांगलाच आहे. फक्त तो लिहिताना डोळ्यांसमोर चालणारा बैल असावा, थांबलेला नव्हे.

थांबण्याचं महत्त्व बैलाच्या पोटात आहे. गाय-बैल दिवसाकाठी साधारण ७-८ तास रवंथ करतात, तोही बहुतेक बसून, निवांतपणी. दुभत्या गाईंवरच्या प्रयोगांत एक गंमत दिसली आहे. चारा आणि बसणं, दोन्ही काही तास रोखून मग गाय मोकळी सोडली, तर ती अनेकदा आधी बसते, खाणं नंतर. मानेवर जू असलेल्या बैलाला तेवढीही निवड नसते. त्यात ऊसतोडीच्या हंगामात त्याचा मुख्य चारा म्हणजे उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला. फुकट मिळतं, पण त्यात प्रथिनं कमी आणि ऑक्झलेट भरपूर. हे ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवतं, मग ते अंगी लागत नाही.

बैलाचे हाल ओळखायचे कसे? दुखत असलेल्या जनावराचे कान मागे किंवा खाली पडतात, डोळ्यांवरचे स्नायू ताणले जातात. नॉर्वेतल्या संशोधकांना आढळलं, की चारा समोर दिसतोय पण खाता येत नाही, अशा वेळी गाईच्या डोळ्याचा पांढरा भाग जास्त दिसू लागतो. जुना गाडीवान हे सगळं न मोजता ओळखतो. पण ओळखून तो करणार काय?

इथे बैलाचा अभ्यास गोठ्याबाहेर येतो. बीडसारख्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास नवरा-बायकोची जोडी निघते. तिलाच ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून, म्हणजे मजूर जमवणाऱ्या मध्यस्थाकडून, आगाऊ घेतलेली रक्कम म्हणजे उचल; ती तोडलेल्या उसाच्या टनांवर फेडायची. पहाटेपासून तोड, मग मोळ्या डोक्यावर वाहून गाडी भरणं आणि त्यानंतर कारखान्याची वाट. तिकडे गाडी रांगेत अडकली, की इकडे फडात दुसऱ्या खेपेचा ऊस वाळत पडतो, वजन घटतं. मग पुढच्या खेपेला चार मोळ्या जास्तीच्या पडतात. बाईचा दिवस तर गाडी गेल्यावरही संपत नाही. कोपीवर, म्हणजे तळावरच्या झोपडीत, चूल, पाणी, पोरं आणि परतलेल्या बैलांचं पाणीही. बैलाच्या तासांना निदान कागदावर मर्यादा आहे. तिच्या तासांना या टनांच्या हिशोबात कागदावरही नाही.

मोळ्या कुठे रचल्या यालाही महत्त्व असतं. दोन चाकी गाडीत ओझं पुढे झुकलं तर ते जुवावाटे थेट मानेवर उतरतं. मागे गेलं तर गाडी उलाळते आणि जोते, म्हणजे जुवाला बांधलेले गळ्याखालचे पट्टे, गळ्याला आवळतात. रात्रीच्या अंधारात, घाईनं भरलेल्या गाडीत हा तोल बिघडणं साहजिकच. पोळ्याच्या आदल्या दिवशी हळद-लोणी लावून आपण जो खांदा मळतो, तोच हंगामात सुजतो.

इस्लामपूरच्या राजारामबापू इन्स्टिट्यूटमधल्या विद्यार्थ्यांनी २०२२ मध्ये यावर एक उपाय केला: जुवाखाली आधाराचं तिसरं चाक, नाव ‘सारथी’. मानेवरचा भार चाक घेतं. कल्पना मला फार आवडली, पण एक शंका आहे. मजुरी टनावर आणि उचल डोक्यावर असताना हलकी झालेली मान पाहून गाडीत आणखी दोन मोळ्या पडतील का? हे तपासायचं तर बैलाच्या मानेवरचा दाब आणि त्या कुटुंबाचा आठवड्याचा हिशोब एकाच वहीत लिहावा लागेल. आणि गाडीतळावर बैल सोडून, सावलीला बांधून, पाणी दाखवता येईल इतकी जागा आहे का, हेही त्याच वहीत.