जुन्या हत्यारांची डागडुजी आणि धार

गंजलेली, बोथट किंवा मूठ तुटलेली हत्यारे भंगारात न घालता साफ करून, दांडा बदलून, धार लावून पुन्हा वापरात आणण्याचे काम. पुण्यात अशी हत्यारे शोधण्याची हक्काची जागा म्हणजे मंगळवार पेठेत रविवारी आणि बुधवारी भरणारा जुना बाजार. पटाश्या (लाकूड तासायच्या सपाट छिन्न्या), रंधे, करवती, नट-बोल्टचे पाने तिथे ढिगात पडलेले असतात. कानशी, धारेचे दगड, वॉटर पेपर (ओला करून वापरायचा घासकागद) रविवार पेठेतल्या बोहरी आळीत मिळतात.

निवड करताना वरवरच्या गंजाला भिऊ नये, खड्डे पाहावेत. पटाशीच्या सपाट पाठीवर धारेलगतच्या १ सेंमी भागात खोल खड्डे असतील, तर ती घेऊ नये. धार म्हणजे पाठ आणि उतार (समोरची तिरकी बाजू) मिळतात ती रेघ. पाठीवरचा खड्डा तिथवर पोहोचला की धारेत खाच पडते. नंतर पोलादाचे पाणी, म्हणजे त्याला दिलेला कडकपणा, तपासावा. धारेजवळ कानस हलकेच ओढावी. ती घसरली तर पाणी शाबूत आहे, चावली तर उतरलेले आहे. जुन्या रंध्यांच्या अनेक पात्यांत लोखंडावर पोलादाची पातळ पट्टी जोडलेली असते, त्यामुळे वरच्या टोकाला तपासून काही कळत नाही. धारेवर निळी झाक दिसली, तर कोणीतरी ते पाते ग्राइंडरवर तापवलेले असते. साधे पोलाद सुमारे ३००° से.ला निळे पडते आणि तेवढ्या भागाचा कडकपणा जातो. निळा भाग थंड ठेवत घासून काढला की मागचे पोलाद बहुधा चांगले निघते.

गंजासाठी १ लिटर पाण्यात ५० ते ६० ग्रॅम लिंबूसत्त्व पुरते. मूठ काढून हत्यार चार-पाच तास बुडवावे, मधूनमधून ब्रशने घासावे. दिवसचे दिवस ठेवल्यास आम्ल पोलादही खाते. जस्ताचा मुलामा असलेल्या वस्तू यात घालू नयेत, मुलामा विरघळतो. बाहेर काढल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळून, धुऊन, कोरडे करून लगेच मशीन ऑइल लावावे. पावसाळ्यात इथे जरा उशीर झाला तरी नारिंगी थर धरतो.

पटाशीची धार पाठीपासून सुरू होते, आणि नेमकी हीच पायरी बहुतेक जण गाळतात. जाड काचेवर वॉटर पेपर पाण्याने चिकटवून पाठ २२०, ४००, १००० अशा क्रमाने (आकडा मोठा तितका कागद बारीक) घासावी. सगळी पाठ चकचकीत करण्याची गरज नाही. धारेलगतचे २-३ सेंमी एकसारखे दिसले की पुरे. मग उतार २५° वर घासायचा. पाठीकडे नखाला अडकणारी बारीक किनार धारेच्या पूर्ण लांबीभर आली, म्हणजे उतार टोकाला पोहोचला. त्याआधी बारीक कागदावर जाण्यात अर्थ नाही. शेवटी ३०° वर चार-पाच हात मारून पाठ सपाट टेकवून ती किनार काढावी. ग्राइंडर वापरलाच, तर पाते बोटाला चटका देण्याआधी पाण्यात बुडवावे.

सायकलवर दगड फिरवणारे धारवाले घरच्या सुरी-विळीला पुरेसे आहेत, पटाशीला मात्र नाहीत. कात्रीची फक्त बाहेरची तिरकी कड घासावी. आतली बाजू घासली की पाती एकमेकींना नीट भिडत नाहीत. करवतीच्या दात्यांची टोके काळसर निळी असतील तर ती कारखान्यातच मुद्दाम कडक केलेली असतात; त्यांवर कानस चालत नाही, उलट कानसच वाया जाते.

हातोडीचा दांडा बाभळीचा उत्तम. उन्हाळ्यात लाकूड आकसून दांडा सैल होतो, तेव्हा हातोडी पाण्यात भिजत ठेवण्याची पद्धत आहे; ती टाळावी. लाकूड फुगून चेपते आणि वाळल्यावर आणखी ढिले पडते. नवी पाचर ठोकून दांड्याला जवसाचे तेल चोळावे. तेलाच्या चिंध्या चुरगळून ठेवल्यास आपोआप पेट घेऊ शकतात, म्हणून त्या मोकळ्या पसरून वाळवाव्यात.