कागद कोणी आणायचा? श्रीलंकेतल्या मळा-तमिळांच्या नागरिकत्वाची पार्श्वभूमी

श्रीलंकेतल्या मलैयग तमिळांच्या, म्हणजे डोंगरातल्या मळ्यांवर मजुरीसाठी नेलेल्या तमिळांच्या, इतिहासातला पहिला महत्त्वाचा कागद नागरिकत्वाचा नव्हे, कर्जाचा होता. त्याला ‘तुंडू’ म्हणत. मजुराच्या अंगावर किती बाकी आहे ते त्या चिठ्ठीवर लिहिलेलं असे, आणि ती बाकी दुसऱ्या मळ्याने फेडल्याशिवाय त्याला तिकडे कामाला जाता येत नसे. मजूर आणणारा ‘कंगाणी’ म्हणजे आपल्या ऊसतोडीतला मुकादमच: गावातून माणसं गोळा करायची, उचल द्यायची आणि ती कामातून वळती करून घ्यायची. तुंडू पद्धत 1921 मध्ये कायद्याने बंद झाली. पण या लोकांचं नशीब कागदावर ठरायचं थांबलं नाही.

इंग्रजांनी आधी कॉफीसाठी आणि कॉफी रोगाने बुडाल्यावर चहासाठी, तमिळ मुलखातून ही कुटुंबं कँडी, नुवारा एलिया, हॅटन, बदुल्ला या डोंगरपट्ट्यात नेली. राहायला ‘लाइन’, म्हणजे एकाला एक लागून असलेल्या एकेक खोलीच्या चाळी. 1931 मध्ये सिलोनला (श्रीलंकेचं तेव्हाचं नाव) प्रौढ मताधिकार मिळाला तेव्हा यांच्यातल्याही अनेकांना मत मिळालं. 1947 च्या निवडणुकीत सिलोन इंडियन काँग्रेस या त्यांच्या संघटनेने 7 जागा जिंकल्या, शिवाय इतर काही मतदारसंघांत मळ्यांतली मतं डाव्या पक्षांकडे गेली. पुढे जे झालं ते या आकड्याशिवाय समजत नाही.

स्वातंत्र्यानंतर काही महिन्यांतच, 1948 साली, पंतप्रधान डी. एस. सेनानायके यांच्या सरकारने नागरिकत्वाचा कायदा क्रमांक 18 आणला. त्यात भारतीयांचं नावही नाही. अट एवढीच: देशात जन्मलेल्या माणसाने आपले वडील, किंवा आजोबा आणि पणजोबा दोघे, सिलोनमध्येच जन्मले होते हे सिद्ध करावं. आई धरायची नाही. आता वडिलांचा जन्म 1880 च्या सुमाराचा असेल तर दाखला येणार कुठून? सक्तीची जन्मनोंदणीच 19 व्या शतकाच्या अगदी शेवटी आली. खेड्यातल्या सिंहली शेतकऱ्याकडेही असा दाखला नव्हता, पण त्याला तो कोणी मागितला नाही. कायदा सगळ्यांना सारखा होता, पुरावा मात्र एकाच जमातीकडे मागितला गेला. शिवाय पुढे जन्मणाऱ्या मुलाचं नागरिकत्व बापाच्या नागरिकत्वावर ठरणार होतं. म्हणजे नागरिकत्व नसणंही वारशाने चालू लागलं.

1949 मध्ये दोन कायदे आले. एकाने मतदारयादीत राहायला नागरिकत्व आवश्यक केलं. दुसरा ‘भारतीय व पाकिस्तानी रहिवासी’ कायदा, वरवर पाहता दार उघडणारा. त्यात विवाहितांनी 1 जानेवारी 1946 पूर्वी सलग 7 वर्षं आणि अविवाहितांनी 10 वर्षं वास्तव्य दाखवायचं होतं, आणि अर्जाला मुदत 2 वर्षांची होती. गोची ‘सलग’ या शब्दात होती. एखाद्या खेपेला 12 महिन्यांपेक्षा जास्त काळ भारतात राहिलं की सलगपणा तुटला. बायको-मुलांचंही वास्तव्य दाखवायचं. बाळंतपण, आजारपण, गावाकडची जमीन, कशानेही अर्ज बाद होऊ शकत होता. सिलोन इंडियन काँग्रेसने सुरुवातीला कायद्यावर बहिष्कार टाकला आणि मुदत संपत आल्यावर धावपळ करून अर्ज भरले. हा डावपेच महागात पडला, असं आज म्हणावं लागतं. सुमारे 2,37,000 अर्जांत जवळपास सव्वाआठ लाख माणसं होती. नागरिकत्व मिळालं सुमारे 1,34,000 जणांना.

कोर्टातही निभाव लागला नाही. मुदनायके खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे लंडनमधल्या तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयाने, 1953 मध्ये निकाल दिला की नागरिकत्व कोणाला द्यायचं हे ठरवणं संसदेच्या अधिकारातलं आहे आणि हा कायदा भेदभाव करत नाही. तमिळ राजकारणही इथेच फुटलं. तमिळ काँग्रेसचे नेते जी. जी. पोन्नंबलम सरकारात गेले, तर त्यांचे सहकारी चेल्वनायकम पक्षातून बाहेर पडले आणि त्यांनी फेडरल पक्ष काढला.

भारताची बाजू काय होती? घटनेच्या कलम 8 नुसार परदेशातल्या भारतीय वंशाच्या माणसाने वकिलातीत नोंदणी केली तरच तो नागरिक. नोंदणी न केलेल्यांची जबाबदारी सिलोनची, अशी नेहरूंची भूमिका होती. सिलोन त्यांना भारतीय म्हणत होता. या ‘तुझे की माझे’ वादात 16 वर्षं गेली. 30 ऑक्टोबर 1964 रोजी दोन्ही देशांचे पंतप्रधान, शास्त्री आणि सिरिमावो बंडारनायके, यांनी 9,75,000 माणसांची वाटणी केली: भारताकडे 5,25,000, सिलोनकडे 3,00,000. उरलेले 1,50,000 पुढे 1974 मध्ये इंदिरा गांधींच्या काळात निम्मेनिम्मे वाटले गेले. ज्यांची वाटणी झाली त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

मग तलैमन्नारहून रामेश्वरमच्या बोटीने लाखो लोक आले. काहींना निलगिरीत तमिळनाडू सरकारच्या चहामळ्यांवर काम मिळालं, काहींना कर्नाटकात सुळ्य-पुत्तूरच्या रबर लागवडीवर. श्रीलंकेत यादवी युद्ध पेटल्यावर 1984 मध्ये बोट बंद झाली आणि भारतीय पासपोर्ट हातात असलेली माणसं लाइनमध्येच अडकली. भारतानेही करारांची मुदत संपल्याचं 1982 मध्येच सांगून टाकलं होतं.

मळ्यांवर मधल्या काळात मतांचं बळ पुन्हा जमू लागलं होतं. 1977 मध्ये मळा-कामगारांचे नेते सौम्यमूर्ती तोंडमान नुवारा एलियातून निवडून आले आणि पुढच्या वर्षी मंत्री झाले. 1986 आणि 1988 च्या नागरिकत्वाच्या कायद्यांमागे हाच दबाव होता. 1988 च्या कायद्याने भारताकडे अर्ज न केलेल्यांना प्रतिज्ञापत्रावर नागरिक मानलं, पण भारतीय पासपोर्ट घेतलेले त्यातून वगळले गेले आणि प्रतिज्ञापत्र व पक्का दाखला यांतली दरी राहिली.

ऑक्टोबर 2003 मध्ये श्रीलंकेच्या संसदेने कायदा क्रमांक 35 एकमताने मंजूर केला. 30 ऑक्टोबर 1964 पासून देशात राहणारा भारतीय वंशाचा माणूस, किंवा त्याचा तिथे राहणारा वंशज, नागरिक ठरला. कुठलंच नागरिकत्व नसलेल्याने साधं जाहीरपत्र भरायचं. पासपोर्टवाल्याने विशेष जाहीरपत्र, त्यावर अधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी. पणजोबा नाही, सलग वास्तव्याचा हिशेब नाही. कामगार संघटना आणि यूएनएचसीआर (संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था) यांनी मळ्यांवर सुमारे 50 फिरती केंद्रं लावली आणि 10 दिवसांत 1,90,000 च्या वर लोकांचं काम झालं. 1949 ते 51 मध्ये जे वर्षानुवर्षं अडलं ते दहा दिवसांत कसं झालं? माणसं तीच होती. पुरावा आणण्याचं ओझं तेवढं त्यांच्या पाठीवरून उतरलं होतं. त्याच वर्षी आईकडूनही नागरिकत्व मिळण्याची दुरुस्ती झाली.

अडचण राहिली ती ओळखपत्राची. त्याला जन्मदाखला लागतो, आणि लाइनमधल्या कित्येकांकडे तो नाही.

दुसरं टोक तमिळनाडूच्या निर्वासित छावण्यांत आहे. युद्धात तिकडे गेलेल्या मळा-तमिळांना भारतीय कायदा ‘बेकायदा स्थलांतरित’ ठरवतो, म्हणून नोंदणीचा मार्ग बंद. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने जून 2019 मध्ये त्यांच्या अर्जांचा विचार करायला सांगितलं. छावणीत जन्मलेल्यांसाठी वकील आधी जन्मतारीख बघतात. 1 जुलै 1987 पूर्वी भारतात जन्म झाला असेल तर आईवडील कोण हे न पाहता माणूस जन्माने भारतीय. 1986 मध्ये मंडपम छावणीत जन्मलेल्या एका स्त्रीला याच आधारावर 2022 मध्ये त्या खंडपीठाकडून दाद मिळाली. तिच्यामागून, 1 जुलै 1987 ला किंवा त्यानंतर त्याच छावणीत जन्मलेल्या भावंडाला मात्र आई किंवा वडील भारतीय असल्याचं दाखवावं लागतं; 3 डिसेंबर 2004 पासून जन्मलेल्याला तर दोघांपैकी कोणीही बेकायदा स्थलांतरित नसल्याचंही.