हादरे रबरात अडवले तेव्हा: सत्तरच्या दशकातल्या ब्रिटिश आणि जर्मन मोटारसायकलींची पार्श्वभूमी

ब्रिटिश गाडी तेल गाळते आणि जर्मन गाडी भरवशाची, एवढ्यावर या दोघींची तुलना बहुतेक वेळा आटोपते. दोन वाटा कुठे फुटल्या हे बघायचं तर ब्रिटिश नॉर्टन आणि जर्मन बीएमडब्ल्यूचे बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि स्ट्रोकचे (पिस्टनच्या धावेचे) आकडे शेजारी मांडावेत.

नॉर्टनचं दोन सिलिंडरचं इंजिन १९४९ मध्ये बाजारात आलं ते ५०० सीसीचं, ६६ बाय ७२.६ मिमी. पुढे ६०० साठी स्ट्रोक ८२ झाला, ६५० साठी ८९. मग ७३ बाय ८९ करून ७५० आणि १९७३ मध्ये ७७ बाय ८९ करून ८२८ सीसी, म्हणजे ज्याला सगळे ‘८५०’ म्हणतात ते. क्रँक (पिस्टनची वरखाली हालचाल फिरतीत बदलणारा दांडा) अखेरपर्यंत तीन तुकडे बोल्टने जोडलेला, दोन टोकांच्या दोन मेन बेअरिंगवर फिरणारा, मधे आधार नाही. दुसऱ्या ब्रिटिश कंपनीची, ट्रायम्फची, कथा याहून जुनी, कारण तिच्या बॉनव्हिल गाडीच्या इंजिनाचं मूळ १९३७ मध्ये आहे.

बीएमडब्ल्यूने १९६९ मध्ये स्लॅश-फाइव्ह मालिका आणली तेव्हा बॉक्सर ही मांडणी (दोन आडवे सिलिंडर, दोन बाजूंना) आणि शाफ्ट ड्राइव्ह (मागच्या चाकाला चेनऐवजी फिरता दांडा) १९२३ पासूनचेच ठेवले, पण इंजिन आतून नवं काढलं. एकसंध घडाई केलेला क्रँक, बॉल-रोलरऐवजी मोटारीसारखे शेल बेअरिंग (गोळ्या-रोलर नसलेले साधे अर्धगोल कवच), क्रँकच्या खाली कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), १२ व्होल्ट. निर्मितीही म्युनिकहून बर्लिनच्या स्पांडाऊला हलवली. स्ट्रोक ठरवला ७०.६ मिमी आणि तो नंतर कधी वाढवला नाही: ५०० ला बोअर ६७, ६०० ला ७३.५, ७५० ला ८२, पुढे ९०० ला ९० आणि १९७६ च्या हजार सीसीला ९४. मेन बेअरिंग इथेही दोनच आहेत. पण क्रँक आखूड नि जाड, आणि सात हजार आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला साडेसोळा मीटरच्या आसपास राहतो. नॉर्टनमध्ये त्याच आरपीएमला तो जवळजवळ एकवीस होतो.

१९६७ मध्ये नॉर्टनची कमांडो आली ती या पार्श्वभूमीवर, आणि तिच्या रबरी माउंटिंगबद्दलचा वाद अजून मिटलेला नाही. नॉर्टनसारख्या पॅरलल ट्विनमध्ये, म्हणजे शेजारीशेजारी दोन सिलिंडरच्या इंजिनात, दोन्ही पिस्टन एकदमच वर जातात आणि एकदमच खाली येतात. क्रँकवरच्या वजनांनी उभे हादरे कमी करावेत तर ते आडवे बाहेर पडतात. बॉक्सरमध्ये पिस्टन एकमेकांविरुद्ध धावतात म्हणून हा प्रश्न मुळातच हलका. सिलिंडर थोडे पुढेमागे असल्याने राहते ती किरकोळ डुगडुग. नॉर्टनकडे नव्या इंजिनाला पैसा नव्हता. म्हणून इंजिन, गिअरबॉक्स आणि स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा वरखाली हलणारा भाग) असा एकच जुडगा करून तो फ्रेमपासून रबराने वेगळा केला. यातली हुशारी स्विंगआर्ममध्ये आहे. नुसतं इंजिन रबरावर बसवलं असतं तर चेनच्या ओढीने ते तिरपं झालं असतं. इथे चेनची दोन्ही स्प्रॉकेट (दातेरी चाकं) एकाच जुडग्यावर असल्याने चेनची ओढ रबरापर्यंत पोचत नाही.

या जुडग्याला वरखाली आणि पुढेमागे हलायला मोकळीक हवी, डावीउजवीकडे मात्र नको. तो आडवा ढिलेपणा पुढच्या आणि मागच्या माउंटिंगमध्ये शिम (पातळ चकत्या) घालून ठरवायचा: ०.०१० इंच, म्हणजे पाव मिलिमीटर. गाडी मधल्या स्टँडवर घ्यायची, जुडगा एका बाजूला रेटायचा आणि रबरी बूट सरकवून फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालायचा. गॅप जास्त असेल तर वेगात वळणावर मागचं चाक स्वतःच्या मर्जीने चालतं. कमी असेल तर हादरे थेट हँडलमध्ये येतात. वर हेड-स्टेडीची (इंजिनाचा माथा फ्रेमला धरणाऱ्या आधाराची) रबरं फाटली असतील तर खाली कितीही अचूक शिम घातल्या तरी उपयोग नाही. शिमा गंजतात, त्यात चिखल जातो. शोरूममधून निघाल्यावर हे काम कुणी करतच नसे, आणि ‘कमांडो झोलते’ ही बदनामी मोठ्या प्रमाणात तिथून आली. नीट लावलेली कमांडो रिकाम्या आरपीएमला पुढचं चाक हलेल इतकी थरथरते, पण तीन हजाराच्या आत शांत होते.

रबराने रोग झाकला, असा आरोप होतो. त्यात तथ्य आहे, पण दोष रबराचा नाही. पूर्वी हादरेच चालवणाऱ्याला थांबवत असत. ते हातापर्यंत येईनासे झाल्यावर तो सात हजारापर्यंत खुशाल नेऊ लागला आणि खाली क्रँक वाकत राहिला. तशात १९७२ साठी ‘कॉम्बॅट’ इंजिन काढलं: हेड घासून कॉम्प्रेशन दहास एक, तिखट कॅम, ३२ मिमीचे अमल कार्बोरेटर, ६५ अश्वशक्तीचा दावा. वाकणाऱ्या क्रँकमुळे सरळ रोलरच्या कडा रेसमध्ये, म्हणजे बेअरिंगच्या कड्यात, रुतल्या आणि मेन बेअरिंग काही हजार मैलांत गेली. इग्निशनचं ऑटो-अॅडव्हान्स युनिट (वेगानुसार ठिणगीची वेळ बदलणारा भाग) झिजून टायमिंग पुढे सरकायचं, आणि ऑइल रिंगच्या खाचेपाशी पिस्टन फाटायचे. उपाय झाला तो ‘सुपरब्लेंड’ बेअरिंगचा, म्हणजे टोकांना किंचित उतरता केलेला रोलर, जो थोडा तिरपा झाला तरी कड रुतवत नाही. ही जातकुळी आज एनजे ३०६ ई या जर्मन बेअरिंगच्या रूपाने सहज मिळते. चूक झाली ती ट्यूनिंगच्या निर्णयात. बदनामी मात्र सगळ्या कमांडोंच्या वाट्याला आली.

जर्मन बाजूही निर्दोष नव्हती. सुरुवातीच्या स्लॅश-फाइव्ह वेगात डोलत. १९७३ मध्ये स्विंगआर्म ५० मिमीने लांब केला. थ्रॉटल उघडताच शाफ्टमुळे मागची बाजू वर उठते, वळणात एकदम सोडला तर बसते. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या स्प्लाइन (दांड्यावरच्या उभ्या खाचा) सुकल्या की गिअर जड होतात. मॉलिब्डेनम ग्रीस लावायला गिअरबॉक्स मागे घ्यावाच लागतो. आणि क्लचसाठी फ्लायव्हील काढताना क्रँक पुढून अडवून ठेवणं अत्यावश्यक. तसं न करता बोल्ट सैल केले तर क्रँक पुढे सरकतो, थ्रस्ट वॉशर (क्रँकला पुढेमागे सरकू न देणारी चकती) आत गळून पडतो, आणि तसंच परत कसलं तर इंजिनाचं भरून न येणारं नुकसान होतं.

अमेरिकेने सप्टेंबर १९७४ पासून गिअर डाव्या पायाला सक्तीचा केला. बीएमडब्ल्यूला काहीच बदलावं लागलं नाही. ब्रिटिश गाड्यांचा गिअर उजवीकडे होता. नॉर्टनवर तर पहिला वर, आपल्याकडच्या जुन्या बुलेटसारखा. १९७५ च्या कमांडो मार्क थ्रीला प्रायमरी केसमधून (इंजिन ते क्लच चेनच्या डब्यातून) आडवा दांडा काढावा लागला. बॉनव्हिलला हा बदल १९७६ च्या मॉडेलपासून मिळाला, कारण ट्रायम्फचा मेरिडनचा कारखाना सप्टेंबर १९७३ पासून कामगारांनी अडवला होता आणि मार्च १९७५ मध्ये तो सहकारी तत्त्वावर सुरू झाला. या मधल्या काळात बीएमडब्ल्यूची ६७ अश्वशक्तीची आर ९० एस अमेरिकेत पोचली आणि १९७६ मध्ये तिथली पहिली सुपरबाइक स्पर्धामालिका तिने जिंकली.

मेरिडन १९८३ मध्ये बंद पडलं. दोन व्हॉल्व्हचा बॉक्सर नव्वदीच्या दशकापर्यंत बनत होता, म्हणून त्याचे सुटे भाग मिळवणं तुलनेने सोपं. कमांडोच्या दोन जुन्या कटकटींवर आता इलाज आहेत. मार्क थ्रीच्या स्टार्टरला दोनऐवजी चार ब्रश आणि जाड केबल लावली तर तो इंजिन खरंच फिरवतो. आणि जुन्या गाड्यांत शिमांच्या जागी मार्क थ्रीसारखे आट्यांचे अॅडजस्टर बसवले की, माउंटिंग न उतरवता, गॅप दांडीने फिरवून लावता येतो.